रस्त्यात टायर बसला तर : गाडीतल्याच साहित्याने चाक बदलण्याची रीत

खानदेशात गाडी चालवणाऱ्याच्या चाकात केव्हा काय रुतेल याचा नेम नसतो. शेतांतून पऱ्हाट्या निघू लागल्या की त्यांचे टोकदार खुंट ट्रॉलीतून रस्त्यावर सांडतात, बांधावरच्या बाभळीचे काटे बाराही महिने पडलेले असतात, आणि रावेर-यावलकडच्या अरुंद रस्त्यांवर केळीने भरलेल्या ट्रकला वाट देण्यासाठी गाडी साइडपट्टीवर उतरवावी लागली की खडीची धार टायरला लागते. चारचाकी नव्याने घेतलेल्या किंवा नुकतीच चालवायला शिकलेल्या वाचकासाठी हा लेख आहे. गाडीसोबत मिळालेला जॅक, नटांचा पाना आणि स्टेपनी एवढ्याच साहित्यावर चाक कसे बदलावे, ते यात क्रमाने सांगितले आहे. सराव असलेला माणूस हे काम वीस मिनिटांत उरकतो. पहिल्या वेळी पाऊण तास लागला तरी त्यात वावगे काही नाही.

मला स्वतःला पहिल्या वेळी दीड तास लागला होता. मे महिन्यातील दुपार होती, जळगावहून धुळ्याला निघालो होतो आणि पारोळा सोडल्यावर मुकटीच्या अलीकडे पुढचे डावे चाक बसले. मी घाईघाईने जॅक लावून गाडी उचलली आणि मग पाना घेऊन नट सोडवायला बसलो. गाडी न्यूट्रलमध्येच राहिली होती, त्यामुळे पाना दाबला की नट सुटण्याऐवजी चाकच गरकन फिरे, आणि चाक गुडघ्याने अडवून जोर केला की सगळी गाडी जॅकवर डुलू लागे. शेजारच्या शेतातील एक वयस्कर शेतकरी बांधावर उभे राहून हा प्रकार पाहत होते. शेवटी त्यांना राहवले नाही आणि ते म्हणाले, "आधी नट ढिले करा भो, मग गाडी उचला."

त्यांच्या त्या एका वाक्यात या कामाचे बहुतेक शास्त्र आले आहे. ज्या कामाला जोर लागतो ते चाक जमिनीवर टेकलेले असताना करावयाचे, आणि चाक अधांतरी असताना फक्त बोटांनी होणारी कामे करावयाची. पुढची सगळी कृती या नियमाला धरून आहे, त्यामुळे मधली एखादी पायरी आठवली नाही तर हा नियम आठवावा.

घरच्या अंगणात

प्रवासाला निघण्याआधी, एखाद्या रविवारी सकाळी, डिकी रिकामी करून आपल्याकडे काय आहे ते पाहावे. बहुतेक लहान गाड्यांत डिकीतील गालिचा उचलला की खाली स्टेपनी असते, आणि तिच्या पोटात किंवा डिकीच्या बाजूच्या खणात जॅक, जॅक फिरवण्याचा गज आणि नटांचा पाना गुंडाळून ठेवलेला असतो. एर्टिगासारख्या गाडीत स्टेपनी बुडाखाली टांगलेली असते आणि डिकीतून पान्याने बोल्ट फिरवून ती खाली सोडावी लागते. बोलेरोत ती मागच्या दारावरच असते. सीएनजीच्या गाडीत टाकीमुळे स्टेपनीची जागा बदललेली असू शकते, म्हणून ती कशी निघते ते एकदा हाताने काढून पाहावे. काही नव्या गाड्यांना स्टेपनी मिळतच नाही, कारण ट्यूबलेस टायर, टायरमधील हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढण्याचे किट या तिन्ही गोष्टी दिलेल्या असतील तर लहान प्रवासी गाडीला स्टेपनी नसली तरी चालेल, असा बदल केंद्र सरकारने २०२० साली नियमांत केला. आपली गाडी त्यांतली आहे हे रस्त्यात कळण्यापेक्षा घरी कळलेले बरे.

स्टेपनीतली हवा हा सर्वांत दुर्लक्षित विषय आहे. चारही चाकांत हवा भरून घेणारा माणूस पाचव्याची आठवण ठेवत नाही, आणि न वापरलेल्या टायरमधूनही महिन्याला साधारण एक पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) हवा आपोआप कमी होते. दोन वर्षे कोणी न पाहिलेली स्टेपनी ऐन वेळी पंक्चर चाकाइतकीच मऊ निघते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर हवेच्या दाबाचे स्टिकर असते, त्यावरील आकड्यापेक्षा स्टेपनीत तीन-चार पीएसआय हवा जास्त ठेवावी, म्हणजे पुढे झीज झाली तरी चालते. इतर चाकांपेक्षा बारीक दिसणारी तात्पुरती स्टेपनी असेल तर मात्र तिच्या अंगावर छापलेला दाबच खरा मानावा; तो बहुधा ६० पीएसआय असतो. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात, तेही पाहून घ्यावेत. त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. एकदाही न धावलेली स्टेपनी वयाने म्हातारी असू शकते आणि तिच्या रबराला बारीक भेगा गेलेल्या असू शकतात.

त्याच दिवशी अंगणात चाकाचा एक नट पान्याने सोडवून पुन्हा आवळून पाहावा. ही सूचना मी आग्रहाने करतो, आणि तिच्यामागे कारण आहे. पंक्चरच्या दुकानांत आता हवेवर चालणाऱ्या मशीनने नट आवळतात, आणि घाईत असलेला मुलगा ते मशीन नटावर हवे त्यापेक्षा जास्त वेळ धरून ठेवतो. एका दुकानात असे आवळून दिलेले नट मला घरी सोडवता आले नाहीत. पान्यावर उभा राहिलो तरी ते हलेनात, आणि शेवटी लांब पाइप लावून ते मोकळे करावे लागले. घरी पाइप मागता येतो, महामार्गावर मागता येत नाही. अलॉय चाकांना चोरीपासून संरक्षण म्हणून एक वेगळ्या आकाराचा नट लावलेला असेल तर त्याची छोटी चावी गाडीतच आहे ना, हेही तेव्हाच पाहून घ्यावे.

मूळ साहित्यात आपल्याकडून तीन वस्तूंची भर घालावी : हातभर लांब आणि बोटभर जाड लाकडी फळी, जुने सुती फडके आणि मोबाइलवर अवलंबून नसलेला टॉर्च. फळीचे काम पुढे येईलच.

कोठे थांबावे

स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागले किंवा मागून फटफट आवाज येऊ लागला तर जोरात ब्रेक दाबू नये. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढावा, डावीकडचा इंडिकेटर द्यावा आणि गाडी सरळ ठेवत वेग आपोआप उतरू द्यावा. टायर वाचवण्यासाठी आहे त्याच जागी थांबण्याचा मोह होतो, पण जागा वाईट असेल तर चालण्याच्या गतीने शे-दोनशे मीटर पुढे जाऊन चांगली जागा गाठावी. त्यात टायर कदाचित कायमचा जाईल. तो पुन्हा विकत मिळतो.

चांगली जागा म्हणजे सपाट, टणक आणि मागून येणाऱ्याला लांबून दिसणारी. वळणावर, पुलावर किंवा चढावर चाक बदलू नये. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना किंवा साक्री-नवापूर दरम्यान कोंडाईबारीत टायर बसला, तर उतार संपून रस्ता समतल होईपर्यंत रांगत जाणे हाच शहाणपणा आहे, कारण उतारावर उचललेली गाडी जॅकवरून कधी घसरेल ते सांगता येत नाही. उजवीकडचे चाक बसले असेल तर गाडी डांबरापासून आणखी आत घ्यावी. आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालते, त्यामुळे उजव्या चाकाशी बसलेल्या माणसाची पाठ थेट धावत्या ट्रकांकडे असते, आणि त्याच्या अंगावरून वारा फेकत जाणाऱ्या गाडीला तो दिसेलच याची खात्री नसते. तेवढी जागा मिळत नसेल, किंवा रात्र असून रस्ता अरुंद असेल, तर स्वतः चाक बदलण्याचा हट्ट धरू नये. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे आणि इतरत्र ११२ लावता येतो.

गाडी थांबताच चारही इंडिकेटर एकदम लुकलुकणारे बटण दाबावे. मुले-माणसे सर्वांना डावीकडच्या दाराने उतरवून रस्त्यापासून दूर उभे करावे. उन्हामुळे कोणी आत बसून राहतो म्हणाले तरी ऐकू नये, कारण माणसे बसलेली गाडी उचलणे जॅकलाही नको आणि माणसांनाही. त्यानंतर डिकीतला लाल त्रिकोण काढून मागे किमान ५० मीटर, आणि महामार्गावर १०० मीटर अंतरावर ठेवावा. पावलांत सांगायचे तर सत्तर ते दीडशे पावले. हे अंतर फार वाटते, पण ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते, म्हणजे ५० मीटरवरच्या त्रिकोणाने तिच्या चालकाला जेमतेम सव्वादोन सेकंद मिळतात. त्रिकोण नसेल तर बाभळीची फांदी टाकण्याची आपल्याकडे रीत आहे आणि ती वाईट नाही. दगडांची रांग मांडणे मात्र वाईट, कारण काम झाल्यावर ते दगड तिथेच राहतात आणि रात्री एखाद्या मोटारसायकलवाल्याचा जीव घेतात.

गाडी जागची हलू नये म्हणून

हँडब्रेक पूर्ण ओढावा आणि गाडी पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये टाकून इंजिन बंद करावे. ऑटोमॅटिक गाडी असेल तर ‘पी’मध्ये ठेवावी. एवढे केले की गाडी हलणार नाही असे नवशिक्याला वाटते, पण ते पूर्ण खरे नाही. बहुतेक लहान गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते, म्हणून गिअर पुढची चाके धरून ठेवतो, तर हँडब्रेक बहुधा मागच्या चाकांना लागतो. पुढचे एक चाक हवेत उचलले की दोन चाकांमधल्या डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळे फिरू देणाऱ्या यंत्रणेमुळे) जमिनीवरचे चाक पुढे सरकू शकते आणि हवेतले तेवढेच उलटे फिरते, म्हणजे गिअरची पकड राहतच नाही. मागचे चाक उचलले की हँडब्रेकने धरलेल्या दोन चाकांपैकी एकच जमिनीवर उरते. म्हणून जे चाक काढायचे आहे त्याच्या तिरप्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड किंवा वीट लावावी. पुढचे डावे चाक बसले असेल तर मागच्या उजव्याला. दगड गोल नसावा, आणि तो टायरला अगदी टेकवून ठेवावा.

आता जॅक, पाना आणि स्टेपनी बाहेर काढावी. लहान गाडीच्या चाकाचे वजन साधारण १२ ते १५ किलो भरते, त्यामुळे वाकून एका हाताने ते उपसू नये. स्टेपनी काढली की ती, जॅक जिथे लावणार त्याच्या शेजारी, गाडीच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवावी. जॅक निसटलाच तर गाडी जमिनीवर न आदळता स्टेपनीवर टेकते आणि कोणाचा हात-पाय सापडत नाही.

नट ढिले करणे

चाकावर प्लास्टिकची टोपी असेल तर ती आधी काढावी. काही टोप्या नुसत्या दाबून बसवलेल्या असतात आणि कडेत पान्याचे चपटे टोक फडक्यात गुंडाळून घातले की निघतात; काही टोप्या नटांनीच धरलेल्या असतात, त्या ओढल्यास तुटतात. नट किंवा बोल्ट स्पष्ट दिसत असूनही टोपी निघत नसेल, तर ती दुसऱ्या प्रकारची समजावी.

चाक अजून जमिनीवरच आहे. पाना नटावर पूर्ण आत, तिरका न होता बसला आहे याची खात्री करून त्याचा दांडा डावीकडे आडवा येईल असा धरावा आणि खाली दाबावा. नट नेहमी घड्याळाच्या उलट्या दिशेने सुटतो. काही जुन्या ट्रकना डाव्या बाजूला उलट्या आट्यांचे नट असत. तो अनुभव सांगून कोणी मध्येच दिशा बदलायला लावले तर ऐकू नये, आजच्या कारमध्ये दोन्ही बाजूंच्या नटांची दिशा एकच असते. हाताने सुटत नसेल तर दांड्याच्या टोकाशी पाय ठेवून शरीराचे वजन हळूहळू द्यावे, उडी मारू नये. नेटका बसलेला पाना एकदा ‘कट्’ असा आवाज करतो आणि नट हलतो. वजनाचा उपयोग करायचा असल्यामुळे हे काम बायका-मुलींना जमणार नाही ही समजूत निराधार आहे. पन्नास किलोंची व्यक्ती आडव्या दांड्यावर उभी राहिली की योग्य आवळलेला नट सुटतोच.

प्रत्येक नट फक्त अर्धा ते एक फेरा ढिला करावा. पूर्ण काढू नये, कारण गाडीचा भार अजून त्याच चाकावर आहे.

जॅक आणि आपली जमीन

जॅक कोठेही लावून चालत नाही. दारांखाली गाडीच्या कडेने पत्र्याची एक उभी पट्टी जाते आणि पुढच्या चाकाच्या मागे व मागच्या चाकाच्या पुढे तिच्यात दोन-दोन खाचा जवळजवळ पाडलेल्या असतात. अशा प्रत्येक जोडीतल्या दोन खाचांच्या मधली जागा जॅकसाठी मजबूत केलेली असते. जॅकच्या डोक्यावरची खोबण त्या पट्टीवर बसते. खाच डोळ्यांना दिसली नाही तर बोटाने चाचपावी. तिच्या आत-बाहेर कोठे जॅक लावला तर नुसता पत्रा वर दबतो, दार नीट लागेनासे होते आणि गाडी मात्र तिथेच राहते.

खानदेशात खरी पंचाईत खालच्या जमिनीची आहे. जॅकचे बूड तळहाताएवढेही नसते आणि तेवढ्या जागेवर तीन-चारशे किलोंचा भार येतो. तापीकाठची काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी होते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. दोन्ही ऋतूंत जॅक तिच्यात तिरका होऊन खचतो. डांबरावर लावावा तर मे महिन्यात, पारा ४५ अंशांपर्यंत चढला की डांबरच मऊ पडते. मुकटीजवळ माझा जॅक नेमका असाच बुडाने डांबरात रुतून झुकला होता, आणि त्याच शेतकऱ्यांनी ट्रॉलीतून एक फळी आणून त्याखाली घातली. फळीमुळे भार पसरतो आणि जॅकचे बूड समतल राहते. फळीऐवजी वीट किंवा फरशीचा तुकडा वापरू नये, कारण भाराने तो अचानक फुटतो.

फळीवर जॅक ठेवून तो आधी हातानेच फिरवत खाचेपर्यंत वर न्यावा. डोके पट्टीला लागले की थोडे मागे सरकून, समोरून आणि बाजूने, तो उभा सरळ आहे का ते पाहावे. मग गज अडकवून, त्याच्या दुसऱ्या टोकाला पाना लावून घड्याळाच्या दिशेने सावकाश फिरवावे. गाडी वर येऊ लागताना करकर आवाज येतो, त्याने घाबरू नये. पण जॅक झुकताना दिसला तर लगेच खाली उतरवून पुन्हा लावावा. झुकलेला जॅक हाताने किंवा पायाने ठोकून सरळ करण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

चाक जमिनीपासून दोन बोटे सुटले की काम झाले असे वाटते, आणि तिथेच थांबणारा माणूस पुढे अडतो. बसलेल्या टायरपेक्षा हवा भरलेली स्टेपनी उंच असते, म्हणून आणखी तीन-चार बोटे उचलावे. यानंतर शरीराचा कोणताही भाग गाडीखाली न्यायचा नाही. काही खाली पडले तर ते काडीने ओढून घ्यावे.

चाक काढणे व बसवणे

ढिले केलेले नट आता बोटांनी सुटतात. खालचे आधी आणि वरचा सर्वांत शेवटी काढावा, म्हणजे चाक वरच्या बोल्टवर टांगून राहते आणि पायावर पडत नाही. नट मातीत ठेवू नयेत. फडक्यावर किंवा काढलेल्या टोपीत ठेवावेत, कारण आट्यांत गेलेली माती पुढे नट नीट बसू देत नाही. उन्हात आणि ब्रेकच्या उष्णतेने आतली लोखंडी चकती भाजेल इतकी तापलेली असते, तिला हात लावू नये.

दोन्ही हातांनी चाक सरळ आपल्याकडे ओढावे. ते गंजाने चिकटलेले असेल तर ओढाताण करू नये. दोन-तीन नट पुन्हा बोटांनी सैल लावून टायरच्या बाजूवर टाचेने, एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून, बेताचा धक्का द्यावा. चाक सुटून नटांवर येते. काढलेले चाक स्टेपनीच्या जागी गाडीखाली सरकवावे आणि स्टेपनी बाहेर घ्यावी.

स्टेपनी छातीशी कवटाळून उचलण्यापेक्षा चाकासमोर जमिनीवर बसावे, पायाचा चवडा टायरखाली घालावा आणि त्याने ती वर तोलत हातांनी फक्त दिशा द्यावी. वरचे भोक वरच्या बोल्टवर बसले की बाकीची आपोआप जुळतात. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या गाड्यांत बाहेर आलेले बोल्ट नसतात, चाकाच्या भोकातून बोल्ट आत घालावे लागतात. तिथे भोकांशी भोके जुळवण्यास थोडा धीर लागतो.

वरचा नट पहिल्यांदा लावावा, आणि बोटांनीच. नटाची निमुळती बाजू चाकाकडे असते. चुकून उलटा लावला तर तो आवळल्यासारखा वाटतो आणि पुढे सैल होतो. सर्व नट बोटांनी जातील तितके आत घालावेत. एखादा नट दोन-तीन फेऱ्यांतच अडला तर तो वाकडा चढला आहे असे समजून काढावा आणि पुन्हा सुरुवात करावी, पान्याने ढकलू नये. त्यानंतर पान्याने हलकेच, चाक हबला (ज्यावर चाक बसते त्या मधल्या भागाला) सपाट टेकेल एवढेच आवळावे.

आवळणे

गाडीखालचे जुने चाक बाहेर काढून घ्यावे आणि मग जॅक उतरवावा. स्टेपनी जमिनीवर पूर्ण टेकली की खरे आवळणे सुरू करावे.

चार नट असतील तर समोरासमोरची जोडी घ्यावी, पाच असतील तर चांदणी काढताना पेन्सिल जाते त्या वाटेने एक सोडून एक नट घ्यावा. ओळीने शेजारचे नट आवळत गेल्यास चाक एका बाजूला आधी बसते आणि गाडी धावताना थरथरते. दोन फेऱ्यांत आवळावे, पहिल्या फेरीत बेताने, दुसऱ्या फेरीत पूर्ण.

पूर्ण म्हणजे किती, याविषयी गैरसमज फार आहेत. कारच्या नटांना साधारण १०० न्यूटन-मीटरच्या (हे पीळ मोजण्याचे एकक) आसपास पीळ लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. गाडीबरोबर मिळणारा पाना २५ ते ३० सेंटीमीटर लांब असतो. त्याच्या टोकावर ३५ ते ४० किलोंचा भार दिला की हा पीळ भरतो, म्हणजे दांडा उजवीकडे आडवा धरून दोन्ही हातांनी, वरून अंग झोकून खाली दाबणे पुरेसे आहे. सोडवताना पाय वापरला तो आवळताना वापरू नये. ६५ किलोंचा माणूस त्याच पान्यावर उभा राहिला तर पीळ जवळजवळ दुप्पट होतो, बोल्ट ताणला जातो, आणि पुढच्या वेळी नट सोडवणाऱ्याला तो शिव्या देऊन तोडावा लागतो.

सामान आवरताना नटांच्या टोप्या, त्रिकोण आणि दगड यांतले काही मागे राहिले नाही ना ते पाहावे. तिरप्या चाकाला लावलेला दगड न काढताच गाडी चालू करणारे बरेच आहेत, मीही त्यांतलाच.

त्यानंतर

तात्पुरती स्टेपनी असेल तर ताशी ८० किलोमीटरच्या पुढे जाऊ नये; ती मर्यादा तिच्यावरच छापलेली असते. अलॉय चाकांच्या गाडीत स्टेपनी अनेकदा लोखंडी आणि एका इंचाने लहान असते, तिच्यावरही गाडी बेतानेच चालवावी. स्टेपनीत हवा कमी वाटत असेल तर पहिल्या पेट्रोलपंपावर ती भरून घ्यावी.

पंक्चर त्याच दिवशी काढावे, कारण आता गाडीत दुसरे चाक उरलेले नाही. दुकानात टायर रिमवरून उतरवून आतून पाहायला सांगावे. आत काळ्या भुकटीसारखे रबर पडलेले दिसले, तर बसलेल्या टायरवर गाडी जास्त चालली आहे आणि त्याच्या बाजूच्या भिंती आतून चिरडल्या गेल्या आहेत; असा टायर पंक्चर काढून वापरू नये. नुसता खिळा किंवा काटा जमिनीला लागणाऱ्या भागात रुतला असेल तर चिंता नाही, तो दुरुस्त होतो. बाजूच्या भिंतीला चीर गेली असेल तर दुकानदार कितीही खात्री देवो, तो टायर बदलावाच.

सुमारे ५० किलोमीटर चालल्यावर, चाक गार असताना, सर्व नट पुन्हा एकदा पान्याने तपासावेत. रंग आणि गंजाचा पातळ थर दबल्यामुळे एखादा नट पाव फेरा आत जातो. शेवटी जॅकच्या आट्यांना ग्रीसचे बोट लावून तो पूर्ण मिटवावा आणि त्याच्या खाचेत थोडा उलगडून घट्ट बसवावा, नाहीतर खड्ड्या-खड्ड्यांत तो डिकीत खडखडत राहतो.